टेम्पो न करता मिरजेपर्यंत

आमच्या साताऱ्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा जुन्या गाड्या आहेत आणि त्या सहाही माझ्या आहेत. त्यातल्या चालू किती, असं सोसायटीच्या सभेत कुणीतरी विचारलं तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेलो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, सभेत एक अक्षर बोलली नाही. ती घरी येऊन बोलली.

"ती लाल मोपेड घ्या. तीन वर्षं तिच्यामागे आहात. इथून मिरजेला न्या आणि मिरजेहून परत आणा, तिच्या स्वतःच्या चाकांवर. आली तर सहाही गाड्या राहू देत, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. टेम्पो करून आणावी लागली, तर सहाही भंगारात."

"आणि वाटेत थोडी थांबली तर?"

"थांबू दे. ढकला, पायडल मारा, आरती ओवाळा. टेम्पो नाही."

"हे बघायला कोण येणार?"

"मी. माझ्या स्कूटरवरून, तुमच्या मागे मागे."

मिरजच का, तर तिथे रसूलचाचा राहतात. चाचांनी उमेदीत असल्या मोपेड शेकड्यांनी दुरुस्त केलेल्या. गेली तीन वर्षं मला जुने सुटे भाग एसटीच्या पार्सलनं तेच पाठवायचे. आमची भेट कधी झाली नव्हती, सगळा व्यवहार फोनवर. इंजिन तापलं की ही मोपेड बंद पडते, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं होतं आणि ते दहाही वेळा म्हणाले होते, "साहेब, फोनवर नाडी लागत न्हाई. घिऊन या."

मोपेड म्हणजे पन्नास सीसीची, पायडलवाली. पाटणच्या एका भंगारवाल्याकडे ती कोंबड्यांच्या खुराड्याला टेकण म्हणून उभी होती. मी तिला घरी आणली, पार सुटी केली, इंजिन नव्यानं बांधून घेतलं, रंग भट्टीत भाजून घेतला. एकेका स्क्रूला चकाकी दिली. टाकीचं झाकण तर कोल्हापूरला पाठवून त्यावर निकेलचा मुलामा चढवून आणला, त्याला आत नवीन रबर बसवलं. त्या झाकणात बघून भांग पाडता येतो. मी जन्मभर मोजणी खात्यात होतो, लोकांच्या बांधावरून टेप ओढला. अर्धवट काम मला खपत नाही. सुनंदा त्या गाडीला 'पेशंट' म्हणते.

पहिला दिवस : साताऱ्याहून विट्याला

डिसेंबरातली थंडी होती. खोकल्याच्या औषधाच्या मापानं मी पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घातलं, कारण या जातीच्या इंजिनाला ते घालावंच लागतं. त्याचा जो धूर होतो तो मागून येणाऱ्याला मिळतो. सुनंदानं नाकाला ओढणी घट्ट बांधली, डोळ्यांना गॉगल लावला. शेजारच्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "फवारणीला निघालात का?"

ताशी पस्तीसच्या वेगानं कोरेगाव मागे पडलं. मी खुशीत होतो, शीळ घालत होतो. रहिमतपूरच्या अलीकडे पेशंटनं दोन आचके दिले, एक उसासा टाकला आणि गप्प झाला.

मी उतरलो. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं, भरपूर होतं. झाकण पुन्हा घट्ट आवळलं. इंजिनाला हात लावला तर चटका बसला. म्हणजे आपलं निदान बरोबर, तापलंय. तेवढ्यात दुधाच्या किटल्या लटकवलेला एक दूधवाला मोटरसायकल थांबवून उभा राहिला.

"काय झालं पावनं?"

"तापलीय जरा."

त्यानं मोपेड पुढून बघितली, मागून बघितली. "आमच्या आज्याकडं व्हती असली. मागं कडब्याच्या पेंड्या बांधून आणायचा. कवा बंद पडल्याली न्हाई बघितली." मग डोळे मोठे करून म्हणाला, "रंग मातुर नवरीवानी दिलाय गड्या."

दहा मिनिटांनी मोपेड पहिल्या पायडलला लागली. मी वहीत लिहिलं : पहिली विश्रांती. सुनंदानं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "बंद पडली असं लिहा. मोजणीचं काम करत होतात ना?"

औंधला यमाईचा डोंगर चढून दर्शन घेतलं. सुनंदानं देवीकडे काय मागितलं ते सांगितलं नाही. मी उघड मागितलं, सहाही गाड्या राहू देत म्हणून. खाली एका घरगुती खानावळीत भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा खर्डा मिळाला. खर्डा असा की माझ्या कानातून वाफ निघाली. सुनंदा मूळची सांगलीची. ती म्हणाली, "हे काहीच नाही. आमच्याकडे यापेक्षा तिखट असतं." आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तरी 'आमच्याकडे' म्हणजे सांगली आणि 'तुमच्याकडे' म्हणजे सातारा. साताऱ्याचा कंदी पेढा ती खाते, पण भडंगाशिवाय पेढा म्हणजे नुसतं गोड बोलणं, असं वर ऐकवते.

औंधहून पुसेसावळीकडे जाताना पेशंट पुन्हा गेला. दुपारची वेळ, सावलीला झाड नाही, दोन्ही बाजूंना ज्वारी कंबरेच्या वर आलेली. मी बांधावर फतकल मारून बसलो आणि खरं सांगतो, तिथे माझा धीर सुटला. अजून निम्मासुद्धा रस्ता झाला नव्हता. मिरज लांब, परतीचा प्रवास तर त्याहून लांब. पार्किंगमधल्या त्या सहा गाड्या मला एकेक करून टेम्पोत चढताना दिसायला लागल्या. मोपेडच्या लाल टाकीवर धूळ बसली होती, ती मी रुमालानं पुसत राहिलो.

"आवं, उनात का बसलायसा?" रानातून आवाज आला. त्या रानाच्या मालकीणबाई होत्या, हातात ज्वारीची कणसं. "या की हुरडा खायाला. गाडी काय पळून जाती व्हय?"

आम्ही गेलो. जमिनीत खड्डा करून शेणी पेटवलेल्या, त्यात कणसं भाजायची आणि गरम गरम हातावर चोळायची. आमच्या घरी हुरड्याबरोबर गूळ असतो. इथे सांगलीसारखी शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही होतं. सुनंदानं माझ्याकडे 'बघा' अशा अर्थानं पाहिलं. बाईंनी मला विचारलं, "नवी घ्यायला परवडत न्हाई का?" मी म्हटलं, "परवडते हो. ही हौस आहे." त्या सुनंदाकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या मालकांची बी हाय अशीच एक हौस. कबुतरं." मग दोघी हसत सुटल्या, मला काही कुणी सांगितलं नाही.

हुरडा खाऊन मी गाडीशी आलो, नेहमीसारखं झाकण उघडलं. सुनंदा शेजारीच उभी होती.

"हे उघडताना फुस्स झालं, ते काय?" तिनं विचारलं.

"पेट्रोलची वाफ असते ती. तुला नाही कळायचं."

मी पेट्रोल बघून झाकण आवळलं. मग तिनं बाटली माझ्या हातात दिली, "जरा पाणी भरून आणता? तहान लागलीय." मी विहिरीवरून पाणी भरून आणलं. तोवर ती मोपेडजवळच उभी होती. पेशंट पहिल्या पायडलला लागला.

पुढे त्या दिवशी तिला तहान फार लागली. चहाला थांबलो, पेट्रोल बघितलं, की लगेच "पाणी आणता?" कडेगावच्या अलीकडे थांबलो तिथेही "पाणी आणता?" मी म्हटलं, खर्डा लागला हिला. सांगलीचा तोरा उतरला. मनातल्या मनात मी फार हसलो.

आणि विट्यापर्यंत मोपेड एकदाही बंद पडली नाही. मी वहीत लिहिलं : सायंकाळी हवा थंड, त्यामुळे इंजिन थंड, निदान योग्य. विट्यात एका लॉजवर उतरलो. रात्री जेवण झाल्यावर मी बाथरूममध्ये वर्तमानपत्र पसरून कार्बोरेटर उघडला. सुनंदाची सुई मागून जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र, साफ केला, हवेचा स्क्रू बरोबर अर्धा फेरा फिरवला. सुनंदा पलंगावरून म्हणाली, "ऑपरेशन झालं की हात धुवा, मग माझ्या पांघरुणाला लावा."

दुसरा दिवस : तासगाव, आणि मी किती हुशार

दुसऱ्या दिवशी गाडी पाण्यासारखी पळाली. विट्याहून तासगावकडे येताना द्राक्षांच्या बागा लागतात, वेली मांडवावर चढवलेल्या, खाली घड लोंबणारे. पेशंट एकदाही कुरकुरला नाही. माझ्या अर्ध्या फेऱ्याचा हा प्रताप, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

उसाच्या रसाच्या दुकानात एक द्राक्ष बागाईतदार भेटला. त्याला मी इंजिनाचं तापमान, हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण, यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. तो बिचारा "व्हय, व्हय" करत होता. सुनंदा रस पीत पीत म्हणाली, "हो ना, यांचा हातच तसा आहे." मला ते इतकं आवडलं की मी तिला आणखी एक ग्लास रस घेऊन दिला. नंतर ती पाणी आणा म्हणाली तेव्हा नाइलाज म्हणून नाही, तर आनंदानं गेलो.

एक छोटा अपघात तेवढा झाला. तासगावच्या आत एका खड्ड्यात गाडी आदळली आणि टाकीतलं पेट्रोल हिंदकळून माझ्या पँटवर सांडलं. मी म्हटलं, टाकी जास्त भरली गेली. गणपतीच्या देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या मावशींनी हार देताना नाक मुरडलं. "रॉकेल वतून घेतलंय का अंगावर? आत निरंजन हायत, जरा लांब हुबं ऱ्हावा." मी देवाला दहा हातांवरून नमस्कार केला. सुनंदा आत जाऊन दोघांच्या वाटणीचा करून आली.

मिरज

रसूलचाचांचं दुकान मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या पलीकडे. शेजारी कुणीतरी तारा लावत होतं, टुंगटुंग ऐकू येत होतं. चाचा अंगानं काटकुळे, चष्म्याला दोरी बांधलेली. मला बघून म्हणाले, "या साहेब, या. फोनवर तुमी लय तरणं वाटत व्हता."

आम्ही पेढ्यांचा पुडा दिला, चहा आला. चाचा मोपेडभोवती दोनदा फिरले. "नवी दुकानात आलती तवा बी एवढी चमकत न्हवती," ते म्हणाले. माझी छाती फुगली. मग त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि दोन बोटांनी झाकण हलवलं. ते खुळखुळलं.

"ह्ये ढिलं का ठेवलंय?"

"ढिलं? शक्यच नाही. मी स्वतः आवळतो प्रत्येक वेळी."

चाचांनी झाकण काढलं, उलटं केलं, आतलं रबर नखानं उचकटलं. मग झाकण तोंडाला लावून फुंकर मारली. त्यांचे गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण हवा काही आरपार गेली नाही. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "मारा फुंकर."

मी मारली. नाही गेली.

"झाकणाला बारीक भोक असतंय साहेब. पेट्रोल खाली उतरतंय तशी वरनं हवा आत यायला लागती. तुमी निकेल मारलं, भोक बुजलं. वर नवीन रबर घातलं बिनभोकाचं. मग टाकी आवळून धरती पेट्रोलला. वीस-पंचवीस किलोमीटर झालं की बंद. झाकण उघडलं की हवा आत जाती, परत चालू." ते हसायला लागले. "शौकीन लोकांच्या सगळ्या गाड्यांना ह्योच रोग. चमकवायच्या नादात भोक बुजवत्यात. रोजच्या वापरातली गाडी आणून दावा ह्या रोगाची एक तरी."

"पण चाचा, विट्याहून तर एकदाही बंद पडली नाही."

"तेच म्हंतोय मी. ढिलं ठिवल्यालं म्हणून आली. कुणी ठिवलं?"

मी सुनंदाकडे पाहिलं. ती बशीतल्या चहाकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"तू?"

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून बघा कधीतरी," ती म्हणाली. "गुटुक गुटुक करतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडावं लागतं. कुठल्याही बाईला विचारा."

पाणी, पाणी आणि पाणी! माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं आणि मला संताप आला. लाज वाटायला हवी होती, पण आधी संतापच आला. "मग सांगायचं ना मला! दोन दिवस मी अर्धा फेरा, अर्धा फेरा करत गावभर व्याख्यानं देतोय!"

"हुरड्याच्या रानात विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तुला नाही कळायचं."

चाचांच्या हातातला चहा हिंदकळला. ते झाकण घेऊन आतल्या खोलीत गेले, भोक पाडायला. सुईएवढं भोक पाडायला एखाद्या माणसाला जितका वेळ लागेल त्याच्या चौपट वेळ ते आतच राहिले. फार समंजस माणूस.

मी बाकावर बसलो. राग ओसरल्यावर मग कुठे मुद्दा ध्यानात आला. "अगं पण तू नुसती गप्प बसली असतीस तरी जिंकली होतीस. त्या पुसेसावळीच्या रस्त्यावरच. माझा धीर सुटलाच होता, मी स्वतःच टेम्पो बोलावला असता. सहाही गाड्या गेल्या असत्या."

"हो."

"मग?"

तिनं बशी खाली ठेवली. "तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आठ महिने गॅलरीत खुर्ची टाकून बसत होतात. चहा दिला तर घ्यायचात, नाही दिला तर मागायचा नाहीत. मला वाटलं, हे माणूस गेलं हातचं. मी कुणाला बोलले नाही, पण मी फार घाबरले होते. मग तुम्ही पाटणहून हे भंगार आणलंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर ओरडलात, माझा पाना कुठे ठेवलास म्हणून. इतकं बरं वाटलं मला. मोरीत जाऊन रडले मी."

"तर मग अट कशाला घातलीस?"

"एकाच्या सहा झाल्या म्हणून! माणसानं स्कूटर कुठे लावायची?" ती म्हणाली. "मला वाटलं कोरेगावातच हराल, मग मी चार काढायला लावीन, दोन ठेवीन. पण तिथे त्या बांधावर बसून तुम्ही ती टाकी पुसत होतात ना, ते तोंड मी आधी बघितलेलं होतं. गॅलरीतलं. ते मला पुन्हा नको होतं."

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, पँटवरच्या पेट्रोलमुळे चुरचुरतंय. ती म्हणाली, "हो, पेट्रोल फार वाईट." मग मी नाक पुसून, मोजणी खात्याच्या आवाजात जाहीर केलं की नियमानं मी हरलोय, दुसऱ्याची मदत घेतली गेली आहे.

"टेम्पो नाही, एवढीच अट होती," सुनंदा म्हणाली. "आणि अजून निम्मंच झालंय. परत जायचंय."

चाचा झाकण घेऊन बाहेर आले. फुंकर मारून दाखवली, बारीक शीळ वाजली. पैसे घेतले नाहीत. सुनंदाला म्हणाले, "भाभी, पुढच्या पार्सलवर नाव तुमचं टाकतो. मेस्त्री तुमीच."

परत

रात्री सांगलीत सुनंदाच्या बहिणीकडे राहिलो. तिथे ही हकीकत माझ्यादेखत तीन वेळा सांगितली गेली. दर वेळी माझं अर्ध्या फेऱ्याचं व्याख्यान लांबत गेलं. सकाळी निघताना सुनंदानं स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. "परतीला पेशंट मी चालवणार. मेस्त्री आहे ना मी."

तेव्हा पहिल्यांदा मी त्या मोपेडच्या मागून गेलो. तो धूर! तासगाव येईस्तोवर माझ्या घशाला कोरड पडली, मिश्यांना ऑइलचा वास लागला. पण धुराचं एवढं नाही. मागून येणाऱ्याला करण्यासारखं काहीच नसतं. नुसतं पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघायचं. चढ आला की आपणच पुढे वाकतो. आवाज जरा बदलला की हात आपोआप ब्रेकवर जातो. आचका बसला का? नाही, खड्डा होता. विटा गेलं, पुसेसावळी गेली, औंध गेलं. मोपेड कुठे थांबली नाही, तरी मी थकून गेलो.

कोरेगाव सुटलं, माहुलीचा पूल आला. पलीकडे अजिंक्यतारा दिसत होता. पाच किलोमीटर राहिले असतील. माझ्या पुढे उसाची एक ट्रॉली घुसली, सुनंदा दिसेनाशी झाली. ट्रॉलीला वळसा घालून पुढे येतो तर पूल संपल्यावर रस्त्याच्या कडेला लाल मोपेड उभी, आणि ती उतरून मागे वळून बघतेय.

स्कूटर कशीबशी लावली आणि धावत गेलो. "काय झालं? बंद पडली?"

बंद कुठली! फटफट चालूच होती, धूर निघत होता.

"मग थांबलीस कशाला?"

"आरशात दिसेनासे झालात," सुनंदा म्हणाली. "म्हटलं, मागे आहात की नाही बघावं."

मोपेडचे ते दोन्ही आरसे मी मुंबईहून मागवलेले, रोज पुसलेले. जाताना दोन दिवस मी पुढे होतो आणि त्यांत एकदाही मागे पाहिलं नव्हतं. लपवण्यात अर्थ नव्हता, तिथेच पुलाच्या कडेला उभं राहून मी तिला तसं सांगून टाकलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी मागेच होते ना."

आणि पायडलवर पाय ठेवून पेशंट साताऱ्याकडे घेऊन गेली.